खोलून जोडलेला व्हरांडा

आमची ती इमारत तुम्ही रिक्षावाल्याला काय म्हणून सांगता, यावरून तुम्ही भोसरीत कधी आलात ते कळायचं. गावठाणातली जुनी माणसं 'इराण्याचा बंगला' म्हणत. कंपन्या आल्या त्या सुमारास आलेले 'गेस्ट हाउस' म्हणत. त्यानंतरचे 'लॉज' म्हणत, तेही आवाज जरा खाली घेऊन. ज्यांची लग्नं तिथे लागली ते 'कार्यालय' म्हणत. मी कोकणातून इथे आलो तेव्हा तिथे गाड्यांच्या सुट्या भागांचं गोडाऊन होतं. त्यामुळे पुढे मी तिथलाच हॉल भाड्याने घेऊन दहावीचे क्लास सुरू केले तरी माझ्या तोंडात 'गोडाऊन'च बसलेलं. आपांसमोर एकदा तो शब्द निसटला. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, मास्तर, तुम्हाला कुणी मागल्या नोकरीच्या नावानं हाक मारली तर चालंल का? मी त्याआधी एका कंपनीत टाइमकीपर होतो आणि तिथून मला काढलं होतं. आपांना ते माहीत होतं. 

आपा म्हणजे माझ्या घरमालकीण, खरं तर हॉलमालकीण. सगळी भोसरी त्यांना आपा म्हणे. मुलगा तेवढा अम्मी म्हणे, आणि भांडण तापलं की तोही आपा म्हणायला लागे. डोक्यावर पदर, खांद्याला पिशवी आणि पायात कारखान्यातले जाडजूड सेफ्टी शूज, असा त्यांचा अवतार. लग्नाला जातानाही तेच शूज. पिशवीत सुपारीचा डबा आणि नटबोल्ट खोलायचा एक पाना. कुठल्याही खांबावर, दारावर, कधी कधी लोकांच्या घरातल्या टेबलावरही त्या पान्याने टकटक करून कान देऊन ऐकत. काय ऐकू येई ते कधी सांगत नसत.

नवरा गेल्यावर त्याचं गॅरेज त्यांनी स्वतः चालवलं होतं आणि चांगलं वाढवलं होतं. त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांना गाडीच्या हिशोबानेच दिसत. जिना करकरला की त्याला ग्रीस कमी पडलं. गच्ची गळली की गॅस्केट गेलं. मी वर्गात आरडाओरडा करायला लागलो की खिडकीतून डोकावून म्हणत, 'मास्तर, सायलेन्सर फाटलाय तुमचा.' पोरं खदाखदा हसत आणि उरलेला तास वाया जाई.

एक गोष्ट मात्र त्यांना खपत नसे. 'पाडू', 'तोडू' असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. भिंत असो की लग्न, खोललेलं जोडता येतं, तोडलेलं न्हाई, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या गल्लीतल्या एका नवराबायकोला त्यांनी या वाक्यावर कितीतरी दिवस एका घरात डांबून ठेवलं होतं. शेवटी ती दोघं वेगळी झाली आणि दोघंही सुखात राहू लागली, पण आपांनी ते कधी मान्य केलं नाही. त्यांच्या मते ते काम अजून गॅरेजातच पडलेलं होतं.

इमारतीवर आपांची पाटी नव्हती. आधीच्या मालकांच्या पाट्या तेवढ्या दर्शनी फळीवर एकावर एक ठोकलेल्या होत्या. जुनी काढायची तसदी कुणी घेतलीच नव्हती. मी क्लासची पाटी लावायची परवानगी मागितली तर आपांनी साफ नकार दिला. मी म्हटलं, विद्यार्थी येणार कसे? त्या म्हणाल्या, 'पाटी लावली की माणूस खाली उभा राहून इचार करतो, हे आपल्यासाठी हाय का न्हाई. बिनपाटीच्या घरात कुणीबी शिरतो.' हे अगदी खरं होतं. कुणीही शिरत होतं. मी पायथागोरस शिकवत असताना लोक दारातून डोकावून विचारत, इथं रूम मिळेल का, जेवणाची थाळी आहे का, आणि एकदा तर एक वरबाप येऊन हॉलची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गेला.

खरी गर्दी असे व्हरांड्यात. लांबलचक, सागवानी खांबांचा, कौलारू छपराचा, काळ्या दगडी फरशीचा तो व्हरांडा अगदी रस्त्याला लागून होता. चाकणच्या कंपन्यांच्या बस समोरच थांबत. शिफ्टला निघालेली माणसं डबे मांडीवर घेऊन तिथे टेकत. गेटवरून परत पाठवलेले कंत्राटी कामगार ठेकेदाराला फोन लावत बसत. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कामगार मुली केस वाळवत. एक बिहारी वेल्डर तर जेवून तिथेच आडवा होई आणि माझ्या बीजगणितावर घोरे. मी तक्रार केली की आपांचं उत्तर ठरलेलं, 'क्लास आत हाय ना? मग आत शिकवा.' व्हरांड्यातल्या माणसाला उठवायचं नाही, एवढा एकच नियम त्या घराला होता. बाकी कशालाच नियम नव्हता, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा.

मग एके दिवशी खांबांवर तांबड्या रंगाच्या खुणा आल्या. रस्ता रुंद होणार होता, आणि रेघ व्हरांड्याच्या मागच्या कडेने, हॉलच्या भिंतीला चाटून जात होती. खुणा करायला आलेले इंजिनिअर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी आपांना नकाशा दाखवला, चहा घेतला आणि सांगितलं की रेघेच्या अलीकडे तुमची जागा आहे, पलीकडचं मोकळं करून द्यावं लागेल. आपांनी रेघेवर बोट फिरवून तीनतीनदा विचारलं, म्हणजे ह्याच्या आत आमी कायबी करावं? परवानगी घेऊन करा, ते म्हणाले.

आपांच्या मुलाला यात देवानं दिलेली संधी दिसली. एक बिल्डर बरेच दिवस त्याच्या मागे होता. व्हरांडा गेला की दर्शनी भाग बोडका होणार, मग घर ठेवून तरी काय करायचं? पाडून टाकू, वर दहा मजले घेऊ, खाली दुकानं. मुलगा काही वाईट माणूस नव्हता. आईचं वय झालं, तिला या जुन्या घराच्या मागे धावताना बघवत नाही, असं तो मला डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. ते पाणी खरं होतं. तो माझ्याच हॉलमध्ये आईला समजवायला आला, कारण माझ्यासमोर ती ओरडणार नाही असं त्याला वाटलं. गॅरेजचा थोरला मिस्त्रीही होता. बीडकडचा माणूस, उभा जन्म आपांच्या गॅरेजात गेलेला.

आपांनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. पिशवीतला पाना काढून नुसता टेबलावर ठेवला.

'मी हे घर खोल्यांसाठी घेतलं न्हाई,' त्या म्हणाल्या. 'व्हरांड्यासाठी घेतलं. माझ्या अब्बांचं गॅरेज म्हंजे समोरच्या लिंबाखालचं एक गोणपाट. तवा हितं इराण्याचं हाटेल हुतं, त्यात उतरणाऱ्या सायबांच्या गाड्या ते तिथं नीट करायचे. सायब वर ह्याच व्हरांड्यात खुर्चीत बसून चा प्यायचा, अब्बा खाली उभं राहून. मी भाकरी घिऊन यायची. एकदा उन्हानं त्यांना घेरी आली, म्हून पहिल्या पायरीवर टेकले. वेटरनं दंडाला धरून उठवलं. आन् अब्बाच त्याला म्हणाले, चुकलं.'

 मिस्त्री जमिनीकडे बघत होता.

'ते चुकलं न्हवतं,' आपा म्हणाल्या. 'माझ्या बापाला जिथनं उठवलं तिथं कुणीबी बसावं, कुणी उठवू नये. मला एवढंच करून जायचंय. बाकीच्या घराचं माझ्यामागं काय करायचं ते कर.'

मुलगा हळू आवाजात म्हणाला की अम्मी, पण तो जाणारच आहे, रस्ता आपण अडवणार आहोत का? त्यावर आपा म्हणाल्या, रस्ता अडवतंय कोण? व्हरांडा खोलायचा आणि रेघेच्या आत जोडायचा. मिस्त्रीने भीत भीत विचारलं, आत म्हणजे कुठे? आपांनी पाना माझ्या फळ्याकडे रोखला.

म्हणजे माझा हॉल अर्धा होणार होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा आपांशी भांडलो. मी म्हटलं, बसणारी माणसं तुम्हाला ओळखतसुद्धा नाहीत, मी दर महिन्याला भाडं देतो. त्या म्हणाल्या, 'म्हून तर तुमाला दोन बॅच करता येत्यात.'  मी तिरीमिरीत चऱ्होलीला जाऊन एका नव्या कॉम्प्लेक्समधला गाळा बघून आलो. चकचकीत टाइल्स, सरकत्या खिडक्या, पाटीला जागा, समोर शुकशुकाट. परत आलो तेव्हा व्हरांड्यात इतकी माणसं होती की मला माझ्याच दारापर्यंत जायला वाट मागावी लागली. वेल्डरने पाय आवरून घेतले आणि विचारलं, 'सर, आज छुट्टी?' मी चऱ्होलीवाल्याला नकार कळवला. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. आपांचा मला राग होता, पण त्यांना सोडून जायची कल्पना त्याहून नको वाटली.

परवानगीसाठी आपांनी खेटे घातले, त्याचं वर्णन करत नाही. ज्याने खेटे घातलेत त्याला माहीत आहे. गवंडी मिळणं त्याहून कठीण गेलं. पहिला गवंडी म्हणाला, पाडून टाकू आणि काँक्रीटमध्ये हुबेहूब असाच बांधून देतो. 'पाडून' ऐकल्यावर आपांनी त्याला चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं. दुसरा म्हणाला, जुना माल पुन्हा जोडायची जबाबदारी मी घेत नाही. शेवटी आपा गॅरेजमध्ये गेल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, इंजिन खोलता ना? तसंच खोलायचं. भिंतीचं काम तेवढं गवंड्याने करावं, व्हरांडा गॅरेज करेल.

भोसरीत यावर महिनाभर लोक हसले. पण मेकॅनिक लोकांची काम करायची एक पद्धत असते. ती मी त्याआधी कधी नीट पाहिली नव्हती. इंजिन खोलताना निघालेला प्रत्येक भाग ते गोणपाटावर ओळीने मांडत जातात, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. मग जोडताना शेवटून सुरुवात करायची. लिहायचं काही नाही, आठवायचं काही नाही. त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत गोणपाटं अंथरली. कौलं उतरली, वासे उतरले, इंजिन उचलायची चेन पुली लावून खांब उतरवले. सगळं ओळीने मांडलं. कुणाला त्या ओळीतून चालायची परवानगी नव्हती. मांजर गेलं तरी मिस्त्री दगड घेऊन धावे.

दर्शनी फळी उतरवायच्या दिवशी मात्र गर्दी जमली. पाट्या एकेक करून निघायला लागल्या. गोडाऊनचा गंजका पत्रा निघाला, त्याखाली मंगल कार्यालयाची गणपती काढलेली पाटी. एक जोडपं मुद्दाम पुनावळ्याहून आलं होतं, त्यांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला. त्याखाली लॉजची निळी पाटी निघाली तेव्हा गर्दीतले दोनचार प्रतिष्ठित लोक एकदम घड्याळ बघायला लागले. मग इंग्रजीतली गेस्ट हाउसची, परदेशी साहेब यंत्रं बसवायला येत तेव्हाची. आणि तळाशी थेट लाकडात कोरलेलं 'हॉटेल'. पुढचं नाव वाळवीने खाल्लं होतं. जुनी माणसं तिथेच वाद घालत बसली की नाव काय होतं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. आपांना विचारलं तर त्या म्हणाल्या, आमाला कुठं वाचता येत हुतं तवा. पाट्याही त्यांनी गोणपाटावर ओळीने मांडायला लावल्या.

नंतरच्याच आठवड्यात आपा गॅरेजच्या दारात कोसळल्या. हृदयाचं दुखणं निघालं. मुलाने त्यांना दवाखान्यात ठेवलं आणि घराचं नाव काढायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. मला वाटलं, झालं, आता ही गोणपाटं इथेच कुजणार. पण मिस्त्रीने गॅरेजची सगळी माणसं कामाला लावली. आपा यायच्या आत व्हरांडा उभा पाहिजे, एवढंच तो बोलायचा. गवंड्याने हॉलची भिंत मागे घेतली, माझा फळा मागच्या भिंतीला गेला. लेव्हल लावून फरशीखालची गादी सपाट केली, फरश्या बसल्या, खांब चढले, कौलं चढली. पुढे रस्त्याचं काम आलं, जेसीबी आला, आणि व्हरांडा रेघेच्या आत अलगद उभा होता. हसणाऱ्यांनी हसणं बंद केलं. मुलगा येऊन एका खांबाला हात लावून बराच वेळ उभा राहिला. बिल्डरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आपा काठी टेकत आल्या त्या दिवशी सगळे जमले होते. त्यांनी खांब टकटकवले, मान हलवली. मग म्हणाल्या, पाणी आणा. मिस्त्रीला वाटलं त्यांना प्यायला हवंय. त्यांनी बादली मागवली आणि फरशीवर ओतायला लावली.

पाणी क्षणभर थांबलं आणि शांतपणे आत, माझ्या क्लासच्या उंबऱ्याकडे निघालं. बघता बघता पहिल्या बाकापर्यंत गेलं.

काय झालं होतं ते मिस्त्रीला लगेच कळलं आणि त्याने कपाळावर हात मारला. त्या फरश्या सारख्या जाडीच्या नव्हत्याच. जुन्या पाथरवटांनी भिंतीकडच्या जाड आणि रस्त्याकडच्या पातळ घडवल्या होत्या, पाणी बाहेर जावं म्हणून. घरामागे त्या ओळीने मांडल्या खऱ्या, पण तिथून पुढे आणताना सगळी माणसं वळली आणि ओळही वळली; रस्त्याकडच्या पातळ फरश्या भिंतीला आल्या. इंजिनात असं होत नाही. तिथे एक बोल्ट दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. फरशी कुठेही बसते.

मुलगा म्हणाला, वरून उताराच्या टाइल्स लावून घेऊ. गवंडी म्हणाला, एक गटार काढून देतो. मीही म्हटलं, आपा, माझी काही तक्रार नाही, बाकं थोडी मागे घेईन. मला त्यांची काळजी वाटत होती. दवाखान्यातून आल्यापासून त्यांना दोन वाक्यं सलग बोलताना धाप लागत होती.

आपांनी मिस्त्रीकडे पाहिलं. 'तुझ्या हातनं इंजिन उलटं बसलं असतं तर काय केलं असतंस?'

'खोललं असतं, आपा.'

'मग खोल.'

आणि त्यांनी पुन्हा खोललं. खांब नाही खोलावे लागले, नशीब, पण फरशी सगळी उचलली. यावेळी गोणपाटं पुढेच, रस्त्याच्या कडेला अंथरली. आपा रोज खुर्ची टाकून उन्हात बसत. डॉक्टरने जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं त्या करत होत्या. मी एकदा रागावून म्हटलं की आपा, एवढा हट्ट कशासाठी, जीव जाईल तुमचा. त्या म्हणाल्या, 'जीव जायचा तवा जाईलच की मास्तर. फरशी उलटी ठिवून जाऊ व्हय?'

शेवटची फरशी बसली ती दुपारी. बादली ओतली. पाणी रस्त्याकडे गेलं, पायऱ्यांवरून उतरलं. मिस्त्री तिथेच मटकन खाली बसला आणि रडला. गॅरेजच्या माणसांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या आणि ती चहा सांगायला गेली. फरशी अजून ओलीच होती, आणि बसची वाट बघणारी दोनचार माणसं कोरडी जागा शोधून टेकलीसुद्धा.

मग आपा खुर्चीतून उठल्या, पायऱ्या चढल्या आणि खांबाला टेकून फरशीवर बसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. त्या खिडकीतून डोकावत, खांबाशी उभ्या राहत, पायरीखाली खुर्ची टाकत. मला वाटायचं, यांना स्वस्थ बसवतच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, 'काम चालू हुतं, मास्तर.'

तेवढ्यात सेकंड शिफ्टची एक बाई घाईघाईने पायऱ्या चढून आली. कंपनीचा कोट, गळ्यात कार्ड, हातात डबा, बोलणं लातूरकडचं. दमली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आपांना म्हणाली, 'मावशी, जरा सरका की तिकडं. बस येऊस्तोर टेकते.'

मिस्त्री डोळे पुसत ताडकन उठला, या कोण आहेत ते तिला सांगायला. आपांनी हातानेच त्याला थांबवलं. मग खांबाचा आधार घेऊन, सावकाश, त्या सरकल्या.